हात कुठं लावायचा? स्वयंसेवेबद्दल कोल्हापूरच्या वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यापासून चैत्रापर्यंत कोल्हापुरात स्वयंसेवकाला काम नाही असा महिना जात नाही. पूर, गणपती, नवरात्र, बोर्डाच्या परीक्षा, जोतिबाची यात्रा असं एकामागून एक चालूच असतं. वाचकांच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. काम करायची इच्छा सगळ्यांना आहे, पण काम कधी अडतं आणि कुठं अडतं हे आधी कुणी विचारत नाही. बहुतेक उत्तरांत आम्ही तिथूनच सुरुवात केली आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या तरुणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रंकाळा स्वच्छतेचा मेसेज टाकला की शंभरावर अंगठे येतात, प्रत्यक्षात दहा-बाराजण येतात. काय चुकतं? (राजारामपुरी)

मेसेज चुकतो. ‘रविवारी सकाळी सगळ्यांनी जमावे’ यात कुणाचंच नाव नाही, म्हणून ते कुणाचंच काम होत नाही. कामाचे आधी तुकडे पाडा. रंकाळ्याचंच बघा. काठावरचं प्लास्टिक वेचायला आठजण, पोती बांधून रस्त्यापर्यंत आणायला चारजण, पाणी आणि हातमोजे वाटायला एक, महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाशी गाडीची वेळ ठरवायला एक. मग एकेकाला फोन करून विचारा : ‘सात ते नऊ, पोती ओढायचं काम, येतोस का?’ तोंडी होकार दिलेला माणूस सहसा येतो. शनिवारी संध्याकाळी पुन्हा एक फोन करा.

वेळ दोन तासांच्या वर नेऊ नका. तिसऱ्या तासाला काम मंदावतं, गप्पा वाढतात आणि पुढच्या वेळी लोक टाळतात. कचरा न्यायची गाडी मात्र आधी ठरलेली हवीच. ती आली नाही तर भरलेली पोती काठावर राहतात, दोन दिवसांत कुत्री ती फाडतात आणि वेचलेलं सगळं पुन्हा पाण्यात जातं. गाडी नक्की नसेल तर मोहीम पुढं ढकला.

जलपर्णी काढायला हौशी माणसांनी पाण्यात उतरू नये. तिची मुळं पायात गुंततात आणि खाली खोली किती आहे ते दिसत नाही. काठावरून दाताळ्यानं ओढता येईल तेवढीच ओढा.

प्रश्न : पूर आला की आम्ही धावतो, पण तोवर उशीर झालेला असतो. पुराआधी मंडळानं काय करून ठेवावं? (शुक्रवार पेठ)

हा प्रश्न जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारला जायला हवा, आणि तुम्ही विचारलात याचा आनंद आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. या आकड्यांवर आपल्या गल्लीचं वेळापत्रक बांधा. अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण ३९ फुटांना हलवायचे. ४३ ची वाट बघायची नाही. कारण घरात पाणी शिरण्याआधी रस्ते बंद होतात. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत यायला काही तास लागतात. म्हणजे कोल्हापुरात पाऊस उघडला तरी नदी चढत राहू शकते. ‘पाऊस थांबलाय, बघू सकाळी’ हे वाक्य सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीत सर्वांत महागात पडतं.

गल्लीची यादी वहीत करा, फोनवर नको. वीज गेली की चार्जिंग संपतं. प्रत्येक घरापुढं एवढं लिहा : माणसं किती, न चालणारं कोण, कोणती औषधं रोज लागतात, जनावरं किती, निघाल्यावर कुठं जाणार (नातेवाईक की निवारा केंद्र) आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाचा फोन नंबर. वहीच्या दोन प्रती करा आणि त्या वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवा. पंधरा दिवसांची औषधं, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दारामागं टांगायला प्रत्येक घराला सांगा आणि आठ दिवसांनी जाऊन ती टांगली का ते बघा.

आजीला उचलायची तालीमही करा. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून एकानं पाठ आणि दुसऱ्यानं पुढचे पाय धरले की अरुंद जिन्यावरून माणूस नीट उतरतो. खुर्चीला छातीपाशी ओढणीनं सैलसर बांधायचं. पाठीवर घेऊन ओल्या पायऱ्या उतरू नका. जनावरं हलवायला वेळच उरला नसेल तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर जागीच बुडतं.

पाणी वाहायला लागल्यावर दोरी-ट्यूब घेऊन पाण्यात उतरणं हे तुमचं काम नाही. गुडघाभर वाहतं पाणीही धडधाकट माणसाला पाडतं आणि उघडं गटार वरून दिसत नाही. तिथं जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर. तुमच्या वहीतली माहिती त्या पथकाला द्या. कोणत्या घरात, कोणत्या मजल्यावर, किती माणसं हे त्यांना त्या क्षणी दुसरं कुणीच सांगू शकत नाही.

प्रश्न : पूर ओसरल्यावर घरं साफ करायला जातो. दरवेळी काही ना काही गोंधळ होतो, लोक नाराजही होतात. पद्धत काय असावी? (जयसिंगपूर)

सर्वांत मोठी चूक म्हणजे पंचनाम्याआधी घर धुऊन काढणं. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेलं कपाट, भिजलेलं धान्य हाच त्या कुटुंबाचा पुरावा असतो. तलाठी येण्याआधी तुम्ही तो उकिरड्यावर टाकलात तर नुकसानभरपाईच्या वेळी त्यांच्या हातात काही उरत नाही. पंचनामा झाला का हे दारातच विचारा. झाला नसेल आणि थांबणं शक्य नसेल तर प्रत्येक खोलीचे फोटो काढा. भिंतीवरच्या रेघेशेजारी माणूस उभा करून एक फोटो घ्या. घरच्या माणसाला ते लगेच पाठवा आणि मगच फावडं उचला.

त्यानंतर मेन स्विच. तो बंद आहे हे डोळ्यांनी बघा, आणि वायरमननं तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू देऊ नका. भिंतीतल्या वायरच्या पाइपात पाणी आठवडाभरही राहतं.

गाळ ओला असतानाच काढायचा. दोन दिवस ऊन पडलं की तो फरशीला असा धरतो की खरवडावा लागतो. एका घराला सहाजण पुरतात : दोघं फावड्यावर, दोघं घमेली वाहायला, एक पाणी मारायला आणि सहावा घरच्या बाईंसोबत. काय टाकायचं हे त्या ठरवतील. तुम्हाला चिखलाचा गोळा दिसतो, त्यात त्यांचा देवघरातला टाक असतो. लोक नाराज होतात ते इथंच.

भिजलेली कागदपत्रं आणि फोटोंचे अल्बम वाळवून मग सोडवायला जाऊ नका. फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोलताना चेहरा निघून येतो. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात हलके विसळा, एकेक सुटा करून सावलीत सुती कापडावर पसरा. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर निवांत सोडवता येतात.

गमबूट, रबरी हातमोजे हवेतच. पायाला चीर असेल तर चिखलात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू तिथूनच शिरतो. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं वाटत फिरू नका. फरशीवर ब्लीचिंग टाकलं असेल तर त्यावर संडास धुण्याचं ॲसिड ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो.

मदतीच्या सामानाबद्दल एवढंच : जुने कपडे गोळा करू नका. ओल्या शाळेत त्यांचे ढीग कुजतात. खराटे, वायपर, बादल्या, नव्या चादरी, सॅनिटरी पॅड आणि मुलांच्या वह्या यांची गरज जास्त दिवस टिकते.

प्रश्न : आमच्या गावात पुराचं पाणी आडात गेलं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची? ग्रामपंचायतीचा माणूस ओंजळीनं टाकतो. (शिरोळ तालुका)

ओंजळीचं माप नको. आधी आडातलं पाणी मोजा. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ०.७८५ नं गुणलं की घनमीटर येतात, आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. तीन मीटर व्यासाच्या आडात चार मीटर पाणी असेल तर ते साधारण २८,००० लिटर झालं.

चांगल्या, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं नेहमीचं माप १००० लिटरला २.५ ग्रॅम. या आडाला म्हणून ७० ग्रॅम. पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी उपसा करा, कारण गढूळ पाण्यात बरंचसं क्लोरीन गाळच खातो. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटं थांबा. तळाशी बसलेला चुना टाकून द्यायचा आणि वरचं निवळ पाणी आडात सोडायचं. बादली दोरीनं खाली-वर करून ढवळा. निदान एक तास कुणी पाणी भरू नये.

तासाभरानं ओटी टेस्ट (पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) करा. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. रंगपट्टीवर ०.५ च्या आसपास दिसायला हवं. रंगच आला नाही तर मात्रा वाढवावी लागते, ती आरोग्य सेवकाला विचारून वाढवा. पोतं उघडं राहिलं असेल तर पावडरीचा जोर गेलेला असतो आणि माप बरोबर असूनही रंग येत नाही. बहुतेक गावांत घोटाळा इथंच होतो.

प्रश्न : विसर्जनाला घाटावर मूर्तिदान आणि निर्माल्य गोळा करायला मुलं उभी करतो. काही लोक भांडतात. काय बोलावं? (शिवाजी पेठ)

कमी बोलावं. कोल्हापुरात घरचा गणपती बहुतेक गौरीबरोबर जातो, म्हणून त्या एका संध्याकाळी पंचगंगा घाट, रंकाळा, कोटितीर्थ, इराणी खण सगळीकडं गर्दी उसळते. मूर्ती घेऊन आलेला माणूस दहा दिवसांची नसली तरी पाच-सहा दिवसांची माया हातात घेऊन आलेला असतो. त्याला प्रदूषणावर भाषण नको असतं. ‘आरती निवांत करा, मग या कुंडात तीनदा बुडवा, पुढचं आम्ही बघतो’ एवढं पुरतं. कुंड किंवा काहिलीतलं पाणी मात्र स्वच्छ हवं. त्यात आधीची फुलं तरंगत असतील तर कुणाचंही मन होणार नाही. पाण्यावर जाळी फिरवायला एक मुलगा कायम ठेवा. ‘नाही, नदीतच’ म्हणाला कुणी, तर वाट द्या. हातातून मूर्ती ओढणं हा प्रकार कधीही होऊ देऊ नका.

लोक पुढच्या वर्षी दान करायचे थांबतात ते मूर्तींचे ट्रॉलीत रचलेले ढीग बघून. म्हणून मूर्ती नेण्याची तयारी हेच तुमचं खरं काम. पाट किंवा बैठक दोन्ही हातांनी खालून धरा. हात, सोंड, कान धरले की प्लास्टरची मूर्ती तिथंच तुटते, आतून ती पोकळ असते. शाडूची मूर्ती आकारापेक्षा जड लागते आणि भिजली की निसटते. ती दोघांनी घ्या. फळ्यांवर एका ओळीत, तोंडं एकाच दिशेला, एकावर एक नको. ट्रॅक्टरमध्ये खाली पेंढा अंथरा. शाडू आणि प्लास्टर वेगळं ठेवा. शाडू पाण्यात विरघळून माती परत वापरता येते, प्लास्टर विरघळत नाही.

निर्माल्यासाठी चार क्रेट ठेवा : फुलं-पानं, नारळ-फळं, कापड-दोरा-माळा, प्लास्टिक-थर्माकोल. हार तसाच फुलांत टाकू नका. दोऱ्याचं एक टोक कापून ओढलं की झेंडूची सगळी फुलं एका झटक्यात सुटतात. राहिलेला दोरा पुढं खताच्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळतो आणि यंत्र बंद पडतं. खत मंडळानंच करायचं असेल तर एक घमेलं ओल्या फुलांना दोन घमेली वाळका पाला किंवा भुस्सा घाला, आठवड्यातून एकदा वरखाली करा. वास सुटला म्हणजे ओल जास्त झाली, आणखी पाला घाला. पाणी मारू नका.

मुलांना तीन-तीन तासांच्या पाळ्या द्या. पाण्याजवळच्या मुलांना पोहता यायलाच हवं.

प्रश्न : आमच्या मंडळाला वर्गणी आता लोक फोनवरून पाठवतात. खजिनदाराच्या खात्यावर घेतली तर चालेल का? (मंगळवार पेठ)

नको. पैसा स्वच्छ असला तरी एका माणसाच्या खात्यात गेला की त्याचा घरखर्च आणि मंडळाचा जमाखर्च एकमेकांत मिसळतो, आणि पुढं प्रश्न विचारला गेला की त्या बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही. मंडळाच्या नावाचं खातं, दोघांच्या सह्या, क्यूआर कोड त्याच खात्याचा. नोंदणी नसलेल्या मंडळानं उत्सवाची वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते, आणि उत्सव झाल्यावर हिशेब द्यायचा असतो. पावतीला क्रमांक आणि स्थळप्रत असू द्या. हिशेबाचा कागद मंडपाच्या खांबाला लावला की पुढच्या वर्षीची वर्गणी मागताना आवाज चढवावा लागत नाही.

लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. शासनानं सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर त्यात ‘थोडं चालतं’ असं काही नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, मंडपाची जागा ठरवताना ते आधी मोजा.

प्रश्न : २६ जूनला, शाहू जयंतीला, रक्तदान शिबिर घ्यायचं आहे. ५० दात्यांसाठी काय तयारी लागेल? (कसबा बावडा)

तारीख ठरवण्याआधी रक्तकेंद्राला फोन करा. सीपीआर या सरकारी रुग्णालयाचं असो वा इतर कुठलं, त्यांना विचारा, ‘तुम्हाला कधी कमी पडतं?’ २६ जूनला, शिवजयंतीला, नेत्यांच्या वाढदिवसाला गावभर शिबिरं होतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, पण प्लेटलेट फक्त पाच दिवस. एका दिवसात आलेल्या सगळ्या प्लेटलेट शहर पाच दिवसांत वापरू शकत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांत कॉलेजं बंद, लोक परगावी, आणि पिशव्यांची ओढाताण. पावसाळ्यानंतर डेंगू वाढला की प्लेटलेटची मागणी चढते. शाहू महाराजांच्या नावानं शिबिर मेमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतलं तर ते अधिक जीव वाचवील, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तयारी अशी. एका खाटेवर तासाला साधारण चार दाते होतात, म्हणून चार खाटा आणि चार तास धरा. जागा तळमजल्यावर, हवेशीर, संडास आणि विजेचा प्लग असलेली. मंडपात उन्हाची झळ लागते आणि चक्कर येणाऱ्यांची संख्या वाढते. टेबलांचा क्रम नोंदणी, हिमोग्लोबिन-वजन-रक्तदाब, खाट, खाणं असा एकाच दिशेनं लावा. उलटसुलट झालं की दारात गर्दी तुंबते.

दाता १८ ते ६५ वयाचा, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषानं तीन महिन्यांनी, स्त्रीनं चार महिन्यांनी पुन्हा द्यायचं. वर्षभरात गोंदवून घेतलं असेल, अँटिबायोटिक चालू असेल तर थांबायचं. हे निकष पत्रकावरच छापा. शिबिरात येऊन ‘तुमचं चालत नाही’ असं ऐकलेला माणूस पुन्हा येत नाही. उपाशीपोटी कुणालाही खाटेवर घेऊ नका, चार तासांच्या आत जेवण झालेलं हवं.

रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. सरबत आणि बिस्किटं त्याच्या हातात तिथंच द्या, दारात नको. कुणाचा चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर लगेच आडवं करून पाय उंच करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. भेटवस्तूचं आमिष दाखवू नका. वस्तूसाठी आलेला माणूस आपला आजार लपवतो आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जायचं असतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. गुडघे दुखतात, आठवड्यातून दोन-तीन तास देऊ शकतो. माझ्यासारख्यानं काय करावं? (फुलेवाडी)

गुरुजी, तुमच्यासारख्यांची सर्वांत जास्त गरज दवाखान्यात आहे. सीपीआरमध्ये जिल्ह्याच्या टोकापासून, कोकणातून, सीमाभागातून माणसं येतात. केसपेपर कुठं काढायचा, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, जनआरोग्य योजनेला कोणते कागद लागतात हे न कळून सकाळ वाया जाते, आणि दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद होतो. टेबलाशी बसून कागद तपासायचे, नावं जुळतात का बघायचं आणि ‘आरोग्यमित्रा’च्या (योजनेच्या मदतनिसाच्या) कक्षाकडं पाठवायचं. आधार कार्डावर ‘सुशिला’ आणि रेशन कार्डावर ‘सुशीला’ अशा फरकावर अर्ज अडतात. शिक्षकाच्या नजरेला ते चटकन दिसतं. परस्पर जाऊन बसू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून दिवस ठरवून घ्या. गर्दी सोमवारी जास्त असते, सकाळी नऊ ते अकरा ही वेळ निवडा. वैद्यकीय सल्ला मात्र देऊ नका, साधा दिसला तरी.

नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं काम असतं. ज्येष्ठांना मोबाइलवरून तो काढून देणं हे बसल्या जागी होतं.

प्रश्न : अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हायचं आहे. मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. (उचगाव)

ताई, आधी एक अट. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणतो तेव्हा त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं लागतं. दहावीला नववीतलं मूल, बारावीला अकरावीचं. म्हणजे तुम्ही पदवीच्या वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लिहून देऊ शकता, दहावीला नाही. तुमच्या ओळखीत नववीतली मुलं असतील तर त्यांना तयार करा. त्यांचीच टंचाई असते. परवानगी शाळा किंवा कॉलेजमार्फत बोर्डाकडून वा विद्यापीठाकडून आधी घ्यावी लागते. ओळखपत्र, फोटो, बोनाफाइड तयार ठेवा. आदल्या दिवशी लेखनिक आजारी पडला तर दुसरा कोण, हेही ठरलेलं हवं.

परीक्षार्थीबरोबर निदान तीनदा सरावाला बसा. पूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसह एकदा वाचून दाखवायची, मग तो सांगेल त्या क्रमानं सोडवायची. सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं. त्याचं वाक्य चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला की शेवटची ओळ वाचून दाखवा, म्हणजे धागा जुळतो. परकी नावं, संज्ञा यांचं स्पेलिंग विचारून घ्या. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला एक तास. दर अर्ध्या तासाला किती वेळ उरला ते हळू सांगा. सरावात जे जमत नाही ते बहुतेकदा वेग असतो. तुमचा लिहिण्याचा वेग आणि त्याचा सांगण्याचा वेग पहिल्या बैठकीतच जुळवा.

प्रश्न : चैत्र यात्रेला जोतिबाच्या वाटेवर पाणपोई लावतो. आणखी काय ठेवावं? (वडणगे)

२० लिटरच्या जारमध्ये पाव लिटरचे ८० पेले होतात. सासनकाठी (देवाची मानाची उंच काठी) आली की हे पाच मिनिटांत संपतं. टँकर नसेल तर जार तासाच्या हिशेबानं मागवा. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलेला, असंबद्ध बोलणारा माणूस दिसला तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, मान, काखा आणि जांघांवर ओलं फडकं ठेवा, वारा घाला, १०८ ला फोन करा. डोळ्यात गुलाल गेला तर चोळू देऊ नका, साध्या पाण्याची धार सोडा. तुमच्यात कुणी मेकॅनिक असेल तर पंक्चरचं सामान आणि क्लचच्या दोन-चार केबल ठेवा. घाटात बंद पडलेली एक गाडी मागच्या सगळ्यांना अडवते.

प्रश्न : पन्हाळ्यावर स्वच्छता मोहीम न्यायची आहे. तटबंदीवरची झाडंही काढावीत का? (शाहूपुरी)

कचरा वेचा, झाडांना हात लावू नका. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थळांपैकी एक आहे. तटातला पिंपळ उपटला की मुळासोबत चिरा निसटतो आणि पुढच्या पावसात तिथून पाणी शिरून भिंत फुगते. ते पुरातत्त्व खात्याच्या माणसांचं काम आहे. मोहिमेआधी त्यांच्या गडावरच्या कार्यालयात लेखी कळवा. भरलेली पोती गडावर ठेवू नका, येताना आपल्याच गाडीतून खाली आणा. काचांसाठी गोणपाट नको, जुना पत्र्याचा डबा न्या.